अनरिअल टूर्नामेंटसाठी रेंडरर कसा निवडावा: तुलना, सेटिंग आणि त्यांचा क्रम

१९९९ चं अनरिअल टूर्नामेंट, म्हणजे बंदुकांच्या लढतींचा तो संगणक गेम, आजच्या लॅपटॉपवर सुरू करणं कठीण नाही. कठीण आहे ते कोणत्या रेंडररवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या गेमच्या कोणत्या भागावर, चालवायचं हे ठरवणं. "ओपनजीएलच भारी", "डायरेक्टथ्रीडीवरच खरा रंग दिसतो" अशी ठाम मतं ऐकू येतात, पण त्यामागची चाचणी बहुतेक वेळा चुकलेली असते. कारण साधं आहे. या गेमच्या सेटिंग फाइलमध्ये प्रत्येक रेंडररचा स्वतंत्र विभाग असतो. एका विभागात टेक्स्चरचा (भिंती-जमिनीवर चढवलेल्या चित्राचा) बारकावा चालू असतो, दुसऱ्यात बंद. एकात फ्रेमरेटला (सेकंदाला निघणाऱ्या चित्रांच्या संख्येला) मर्यादा असते, दुसऱ्यात नसते. त्यामुळे रेंडरर बदलला की सोबत आठ-दहा गोष्टी नकळत बदलतात आणि श्रेय किंवा दोष मात्र रेंडररच्या पदरात पडतो.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. तयारीत अर्धा तास जाईल, पण तेवढा दिलात तर पुढची तुलना खरी ठरेल. कन्सोलमधल्या (गेममध्येच कमांड टाइप करायच्या ओळीतल्या) कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. सेटिंग फाइलमध्ये नावातले शब्द एकमेकांना जोडून, मध्ये जागा न सोडता लिहिलेले असतात.

## टप्पा १: गेमची जागा आणि आवृत्ती

आधी आवृत्ती पाहा. मूळ कंपनी एपिकची शेवटची आवृत्ती ४३६. त्यानंतर ओल्डअनरिअल या गटाने एपिकच्या परवानगीने काढलेली ४६९ ही मालिका आज सर्रास वापरली जाते. तुलना ४६९ वरच करा. ४३६ वर आजच्या अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरमुळे गेमचा वेगच बिघडू शकतो. खेळाडू नेहमीपेक्षा भराभर धावू लागतात. अशा प्रतीवर मोजलेल्या फ्रेमरेटला काही अर्थ राहत नाही.

मग गेम कुठे ठेवलाय ते पाहा. तो 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असेल तर तिथून हलवा. त्या फोल्डरमध्ये जुन्या गेमला लिहायची मुभा नसली की विंडोज गुपचूप 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये सेटिंग फाइलची दुसरी प्रत बनवतं. तुम्ही एक फाइल बदलत राहता आणि गेम दुसरीच वाचत असतो. "सेटिंग बदलली तरी फरकच पडत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. सी किंवा डी ड्राइव्हवर 'गेम्स' असं साधं फोल्डर करा आणि गेम तिथे ठेवा.

आता 'सिस्टम' फोल्डर उघडा. त्यात दोन फाइल महत्त्वाच्या आहेत: 'अनरिअल टूर्नामेंट डॉट आयएनआय' आणि 'यूजर डॉट आयएनआय'. पहिलीत चित्र, आवाज आणि इंजिनची सेटिंग असतात, दुसरीत कळा आणि खेळाडूची माहिती. दोन्हींची प्रत काढून 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका.

सावधान: गेम चालू असताना आयएनआय फाइल कधीही बदलू नका. बंद होताना गेम स्वतःकडची सेटिंग फाइलमध्ये परत लिहितो आणि तुमचे बदल पुसले जातात. आधी गेम बंद, मग फाइल.

तपासणी: फाइलमध्ये रिझोल्यूशन बदला, सेव्ह करा आणि गेम सुरू करा. बदल दिसला तर तुम्ही योग्य फाइल उघडली आहे. दिसला नाही तर 'व्हर्च्युअल स्टोअर' शोधा. तो घोळ मिटेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: संगणक आणि खोली

हा टप्पा लोक सरसकट गाळतात, म्हणून थोडं थांबतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच चाचणी करा. बॅटरीवर ग्राफिक्स चिप मुद्दाम हळू चालवली जाते आणि काही ड्रायव्हर फ्रेमरेटही दाबून ठेवतात. विंडोजचा पॉवर मोड जास्तीत जास्त कामगिरीवर ठेवा आणि सगळ्या चाचण्या होईपर्यंत बदलू नका.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर एक फसवणूक हमखास होते. डायरेक्टथ्रीडीवर गेम वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर चालतो आणि ओपनजीएलवर प्रोसेसरमधल्या चिपवर, किंवा नेमकं उलट. मग तुम्ही दोन रेंडररची नव्हे, दोन चिपची तुलना करत बसता. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन गेमच्या फाइलसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा.

ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनलमध्येही एकदा डोकावा. पूर्वी कधीतरी तिथे अँटिअलायसिंग (कडांचे दाते गुळगुळीत करणं), अ‍ॅनायसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरकी दिसणारी टेक्स्चर दूरवर स्पष्ट ठेवणं), व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणं) किंवा फ्रेमरेटची मर्यादा जबरदस्तीने लावलेली असेल तर गेममधल्या सेटिंगला तिथे काही किंमत राहत नाही. या सगळ्या गोष्टी ॲप्लिकेशनवर सोपवा.

आता उष्णता. मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरातल्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीत, पातळ लॅपटॉप थोड्याच वेळात तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. पहिल्यांदा तपासलेला रेंडरर थंड यंत्रावर चालतो आणि दुसरा तापलेल्या. पहिला जिंकतो, पण ती जीत त्याची नसते. यावर एसी हा उपाय नाही. चाचण्यांचा क्रम नीट लावणं हा उपाय आहे आणि तो पाचव्या टप्प्यात येतो. इथे एवढंच करा: पंखा एकाच वेगावर ठेवा, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि मागची जाळी धुळीने बुजली असेल तर आधी साफ करा. रस्त्यालगतच्या किंवा शेजारी बांधकाम चालू असलेल्या घरांत ती फार लवकर बुजते.

डोळ्यांसाठी प्रकाशही सारखा हवा. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन स्क्रीनवर येत असताना एक रेंडरर पाहिला आणि दुसरा रात्री ट्यूबलाइटखाली, तर अंधाऱ्या कोपऱ्यांबद्दलचं तुमचं मत चुकणारच. पडदे ओढा किंवा सगळं रात्री करा. विंडोजचा 'नाइट लाइट' बंद करा. मॉनिटरमध्ये आपोआप उजेड कमीजास्त करणारं काही असेल तर तेही बंद.

## टप्पा ३: यादीतून काय घ्यायचं, काय सोडायचं

गेममध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, व्हिडिओ इथे जा. व्हिडिओ ड्रायव्हरच्या ओळीत 'चेंज' आहे. ते दाबल्यावर गेम पुन्हा सुरू होतो आणि रेंडररची यादी दाखवतो. सगळी नावं दिसली नाहीत तर 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा.

सॉफ्टवेअर: सगळं काम प्रोसेसर करतो. टेक्स्चर गुळगुळीत करण्याऐवजी हा रेंडरर त्यांचे ठिपके विशिष्ट पद्धतीने विस्कटतो, म्हणून जवळून भिंत दाणेदार दिसते. कमी रिझोल्यूशनला त्याची स्वतःची शोभा आहे. १९२० बाय १०८० ला मात्र त्याची दमछाक होते. स्पर्धेतून वगळा, पण एकदा पाहून ठेवा. दुसऱ्या रेंडररमध्ये काही विचित्र दिसलं तर ते मॅपचंच (लढतीच्या मैदानाचंच) आहे की रेंडररचं, हे ठरवायला याचा उपयोग होतो.

ग्लाइड आणि मेटल: पहिला थ्रीडीएफएक्सच्या वूडू कार्डांसाठी, दुसरा एसथ्रीच्या कार्डांसाठी. ती कार्डं तुमच्याकडे नसतील तर दोन्ही सोडा. एनग्लाइड किंवा डीजीवूडूसारख्या मध्यस्थ प्रोग्रॅममार्फत ग्लाइड चालवता येतो, पण मग चाचणीत तो मध्यस्थही सहभागी होतो. हौस म्हणून ठीक, रोजच्या खेळासाठी मी सुचवणार नाही.

मूळ डायरेक्टथ्रीडी: डायरेक्टएक्स ७ च्या काळातला. आजच्या विंडोजवर चालतो, पण जुनी भाषा नव्या ड्रायव्हरला समजावून देण्यात वेळ जातो. बऱ्याच जणांच्या यंत्रावर नकळत हाच निवडलेला असतो.

ओपनजीएल, एक्सओपनजीएल आणि डायरेक्टथ्रीडी ९: खरी लढत यांच्यात आहे. जुना ओपनजीएल रेंडरर ख्रिस डोनल यांनी पुढे बराच सुधारला आणि डायरेक्टथ्रीडी ९ चा रेंडररही त्यांचाच. या दोघांच्या सेटिंगची नावं बरीचशी सारखी आहेत, त्यामुळे तुलना सोपी जाते. एक्सओपनजीएल नव्या कार्डांच्या शेडरवर (कार्डावरच चालणाऱ्या छोट्या चित्र-प्रोग्रॅमवर) बेतलेला आहे, म्हणून फार जुन्या अंगभूत ग्राफिक्सवर तो नाराज करू शकतो.

तुमच्या यादीत आणखी एखादं नाव असेल तर तेही घ्या, पण एका वेळी तीनपेक्षा जास्त रेंडरर तपासू नका. चौथ्यापर्यंत डोळे आणि धीर दोन्ही संपतात.

तपासणी: प्रत्येक रेंडररवर गेम एकदा सुरू करून बंद करा. असं केल्याने त्याचा विभाग आयएनआय फाइलमध्ये पूर्ण भरला जातो. मग 'सिस्टम' फोल्डरमधली लॉग फाइल उघडा. ओपनजीएलच्या नोंदीत ग्राफिक्स चिपचं नाव स्पष्ट असतं. तुम्हाला हवी असलेलीच चिप आहे ना, ते पाहून घ्या.

## टप्पा ४: सगळे विभाग सारखे करा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे. घाई करू नका.

गेम बंद करून आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक रेंडररचा विभाग चौकोनी कंसातल्या नावाने सुरू होतो. तुमचे दोन किंवा तीन विभाग शोधा आणि खालच्या गोष्टी सगळ्यांत एकसारख्या करा.

व्हीसिंक बंद. ओपनजीएल आणि डायरेक्टथ्रीडी ९ मध्ये याचं नाव 'स्वॅप इंटरव्हल' आहे आणि किंमत ० हवी. उणे १ असेल तर निर्णय ड्रायव्हरवर सोपवलेला असतो, तोही नको. मूळ डायरेक्टथ्रीडीमध्ये याच गोष्टीला 'यूज व्हीसिंक' म्हणतात, ते 'फॉल्स' करा. व्हीसिंक चालू राहिला तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सगळे रेंडरर ६० वर अडकतात आणि "काहीच फरक नाही" असा खोटा निष्कर्ष निघतो.

'फ्रेम रेट लिमिट' ०. हे फक्त चाचणीपुरतं, शेवटी परत लावायचं आहे.

'यूज ट्रायलिनियर' सगळीकडे 'ट्रू', 'मॅक्स अ‍ॅनायसोट्रॉपी' सगळीकडे ०, अँटिअलायसिंग बंद, 'एलओडी बायस' ०. 'डिटेल टेक्स्चर्स' सगळीकडे 'ट्रू'. जवळ गेल्यावर भिंतीवर उमटणारा दगड-सिमेंटचा खडबडीतपणा यातून येतो. एका रेंडररमध्ये तो बंद असला की "हा रेंडरर धूसर आहे" असं लोक म्हणू लागतात.

'व्हॉल्युमेट्रिक लायटिंग', 'शायनी सर्फेसेस', 'कोरोनाज' आणि 'हाय डिटेल अ‍ॅक्टर्स' हे चौघेही प्रत्येक विभागात 'ट्रू'. पहिल्याने धुक्यातला प्रकाश दिसतो, दुसऱ्याने चकचकीत फरशीवरचं प्रतिबिंब, तिसऱ्याने दिव्यांभोवतीचं वलय आणि चौथ्याने सजावटीच्या जादा वस्तू.

'वन एक्स ब्लेंडिंग' ज्या विभागांत असेल तिथे सारखंच ठेवा. मॅपमधला साठवलेला प्रकाश भिंतीच्या टेक्स्चरवर किती जोराने चढवायचा, ते यावर ठरतं. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर पूर्ण मॅपचा उजेडच बदलतो. "ओपनजीएलचे रंग वेगळे" या समजामागे मला हा फरक पुन्हा पुन्हा दिसला आहे.

'यूज एसथ्रीटीसी' बंद ठेवा. मूळ गेमच्या दुसऱ्या सीडीवरची मोठी टेक्स्चर्स यातून चालतात. ती सुरेख आहेत, पण रेंडरर ठरल्यानंतर लावायची. बाहेरून घेतलेले टेक्स्चर पॅकही तोवर थांबवा.

आता एक सेटिंग रेंडररच्या विभागात नसते, पण निकाल फिरवते: 'मिन डिझायर्ड फ्रेम रेट'. ती व्हिडिओच्या पानावरही दिसते. फ्रेमरेट या आकड्याखाली गेला की इंजिन धूर, ठिणग्या, जादा प्रकाश असे तपशील आपोआप गाळू लागतं. म्हणजे जो रेंडरर मागे पडतोय त्याचंच काम हलकं होतं आणि त्याचा आकडा फुगतो. जुन्या यंत्रावर हा अन्याय ठळक दिसतो. चाचणीसाठी हे ० करा.

रिझोल्यूशन, ३२ बिट रंग, टेक्स्चर डिटेल आणि स्किन डिटेल सामायिक असतात, पण रेंडरर बदलताना गेम कधीकधी ते स्वतःच खाली आणतो. दर बदलानंतर व्हिडिओच्या पानावर नजर टाका.

सावधान: हेच बदल गेममधूनही करता येतात. कन्सोलमध्ये 'प्रेफरन्सेस' टाइप केलं की सगळ्या विभागांची खिडकी उघडते. पूर्ण स्क्रीनवर ती गेमच्या मागे दडून बसते, म्हणून आधी ऑल्ट आणि एंटर दाबून गेम छोट्या खिडकीत आणा. तिथे बदललेल्या बऱ्याच गोष्टी गेम पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतात.

झालेली फाइल सेव्ह करा आणि 'समान' नावाने तिचीही प्रत ठेवा.

## टप्पा ५: आकड्यांची चाचणी

बॉटबरोबरची (संगणक चालवतो त्या खेळाडूंबरोबरची) लढत आकडे घेण्यासाठी निरुपयोगी आहे. प्रत्येक वेळी बॉट वेगळीकडे जातात, तुम्ही वेगळीकडे बघता. ठरलेल्या वाटेवरून जाणारा कॅमेरा हवा आणि तो गेममध्येच आहे. सुरुवातीला शहरावरून जे उड्डाण दिसतं तो 'सिटीइंट्रो' नावाचा मॅपच आहे.

कन्सोल उघडा. 'टाइमडेमो १' लिहा, मग 'ओपन सिटीइंट्रो'. स्क्रीनवर फ्रेमरेट आणि त्याची सरासरी दिसू लागेल. निवेदकाचं बोलणं ज्या क्षणी संपतं त्या क्षणीची सरासरी वहीत लिहा. तो क्षण कानाने पकडता येतो, त्यामुळे दर वेळी एकाच जागी आकडा घेतला जातो. नंतर 'टाइमडेमो ०'.

क्रम असा ठेवा. पहिला रेंडरर 'क' आणि दुसरा 'ख' धरा. क वर एक उड्डाण करा आणि आकडा लिहू नका. ही यंत्र तापवण्याची आणि फाइल मेमरीत आणण्याची फेरी. मग क, ख, ख, क या क्रमाने आकडे घ्या आणि प्रत्येकाच्या दोन आकड्यांची सरासरी काढा. यंत्र हळूहळू तापत असेल तर त्याचा तोटा दोघांना जवळपास सारखा वाटला जातो. क चा पहिला आणि शेवटचा आकडा यांत मोठी तफावत असेल तर यंत्राचा वेग टिकत नाही असं समजा. थोडा वेळ थांबा आणि सगळी फेरी पुन्हा करा.

मिळालेले आकडे कसे वाचायचे? ४०० आणि ६०० फ्रेम ऐकायला प्रचंड फरक वाटतो. पण एका फ्रेमला लागणारा वेळ काढा: २.५ आणि १.७ मिलिसेकंद. फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी. ४० आणि ६० मध्ये मात्र २५ आणि १६.७, म्हणजे आठ मिलिसेकंदांहून जास्त, आणि तो हाताला जाणवतो. तुमच्या मॉनिटरच्या हर्ट्झच्या दुपटीहून वर दोन्ही रेंडरर असतील तर वेगाच्या जोरावर निवड करू नका. थेट पुढच्या टप्प्याकडे जा.

आता एकदाच बॉट घ्या. 'डेक १६' या मॅपवर १६ खेळाडूंची लढत लावा आणि 'स्टॅट एफपीएस' चालू ठेवा. इथे सरासरी पाहायची नाही. चार-पाच रॉकेट एकत्र फुटतात तेव्हा आकडा कुठवर कोसळतो आणि चित्र अडखळतं का, एवढंच पाहा. सरासरीत जिंकलेला रेंडरर इथे अडखळत असेल तर तो बाद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा ६: डोळ्यांची चाचणी

बॉट शून्य करा आणि तीन मॅप पुरेसे आहेत.

'सीटीएफ फेस': आपल्या मनोऱ्यासमोर जमिनीवर उभे राहून समोरच्या मनोऱ्याकडे पाहा. मधल्या जमिनीचं टेक्स्चर दूरवर जाताना कुठे एकदम धूसर होतं, चालताना ते चमचमतं का, हे बघा. लांबच्या कडा वळवळत असतील तर तेही नोंदवा. स्नायपर रायफलने खेळणाऱ्याला हाच मॅप सगळं सांगतो.

'डेक १६': तळाच्या हिरव्या चिखलाची पारदर्शकता, सावलीतले कोपरे, लोखंडी जाळ्यांच्या कडा. भिंतीवर गोळ्या झाडा आणि मागे सरका. गोळ्यांच्या खुणा लांबून लुकलुकत असतील तर कोणती गोष्ट पुढे आणि कोणती मागे याचा हिशेब तो रेंडरर नीट ठेवत नाहीये.

'मॉर्फियस': रात्रीचं आकाश आणि उंच इमारती. आकाशात रंगाचे पट्टे दिसले तर ३२ बिट रंग लागू झालेला नाही. चौथ्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे व्हिडिओचं पान पुन्हा पाहा.

सावधान: उजेडाची तुलना स्क्रीनशॉटवरून करू नका. एफ ९ ने घेतलेला स्क्रीनशॉट 'सिस्टम' फोल्डरमध्ये जातो, पण अनेक रेंडररमध्ये गेमची ब्राइटनेस चित्र तयार झाल्यानंतर, मॉनिटरकडे जाताना लागू होते. ती स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही. म्हणून स्क्रीनवर लख्ख दिसणारा रेंडरर स्क्रीनशॉटमध्ये काळवंडलेला दिसतो. डोनल यांच्या रेंडररमध्ये 'गॅमा करेक्ट स्क्रीनशॉट्स' असा पर्याय आहे. मित्राला चित्र पाठवायचं असेल तर तो चालू करा. टेक्स्चरचा बारकावा आणि कडा तपासण्यासाठी मात्र स्क्रीनशॉट उत्तम.

याच कारणाने खिडकीतला गेम आणि पूर्ण स्क्रीनवरचा गेम यांचा उजेडही वेगळा असू शकतो. दोन्ही रेंडरर पूर्ण स्क्रीनवरच पाहा.

इथपर्यंत आल्यावर निवड करा आणि ती फिरवू नका. पुढची सगळी सेटिंग निवडलेल्या एकाच रेंडररवर होतील.

## टप्पा ७: निवडलेल्या रेंडररची सजावट

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर 'सिटीइंट्रो'चं एक उड्डाण आणि 'सीटीएफ फेस'वर एक नजर. क्रम खालीलप्रमाणे.

आधी रिझोल्यूशन. मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशनच लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणलेला जुना चौकोनी एलसीडी असेल तर तो बहुधा १२८० बाय १०२४ चा असतो. त्यावर १०२४ बाय ७६८ लावलंत तर चित्र ताणलं जाऊन अक्षरं पुसट होतात आणि ते खापर पुन्हा रेंडररवर फुटतं.

मग दृश्यकोन (एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं तो कोन), म्हणजे एफओव्ही. सायबर कॅफेतल्या ४:३ मॉनिटरवर हा गेम ९० अंशांवर खेळला जायचा. रुंद मॉनिटरवर तेच ९० ठेवले की वरखालचा भाग कापला जातो आणि सगळं जवळ आल्यासारखं वाटतं. तेवढंच उभं दृश्य हवं असेल तर १६:१० वर १००, १६:९ वर १०६ आणि २१:९ वर १२० च्या आसपास ठेवा. कन्सोलमध्ये 'एफओव्ही १०६' असं लिहायचं. एफओव्ही वाढला की जास्त भाग रंगवावा लागतो आणि फ्रेमरेट थोडा उतरतो, हे गृहीत धरा.

तिसरं, 'मॅक्स अ‍ॅनायसोट्रॉपी'. आधी ८, मग १६. 'फेस'च्या जमिनीवर फरक लगेच दिसेल. आजच्या कार्डांवर याची किंमत नगण्य आहे, म्हणून अँटिअलायसिंगच्या आधी हे.

मग अँटिअलायसिंग. ४ नमुने बहुतेकांना पुरतात. अंगभूत ग्राफिक्सवर २ वर थांबा. जाळ्यांच्या कडा याने सुधारतीलच असं नाही, कारण त्यांची भोकं टेक्स्चरमध्येच कोरलेली असतात.

'एलओडी बायस' उणे करून चित्र धारदार करायचा मोह टाळा. थांबलेल्या चित्रात ते छान दिसतं, पण धावायला लागलात की जमीन मुंग्या आल्यासारखी चमचमते.

आता एसथ्रीटीसीची मोठी टेक्स्चर्स किंवा तुमचा आवडता पॅक लावा. टेक्स्चर बदलल्यावर कन्सोलमध्ये 'फ्लश' लिहिलं की मेमरीतली जुनी साफ होतात.

सगळ्यात शेवटी ब्राइटनेस. हे आधी केलंत तर पुढच्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा करावं लागेल. 'डेक १६'च्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक बॉट उभा असताना तो जेमतेम ओळखू यावा आणि आकाश मात्र पांढरं पडू नये, इतपत ठेवा. स्पर्धेने खेळणारे याहून वर जातात, पण त्या उजेडात मॅपचा सगळा जीव निघून जातो.

## टप्पा ८: फ्रेमची मर्यादा परत लावा

चाचणीसाठी काढलेली मर्यादा तशीच राहिली तर हा जुना गेम कार्डाला विनाकारण शेकडो फ्रेम काढायला लावतो. पंखे घोंघावतात, खोली आणखी तापते, आणि लॅपटॉप वेग कमी करायला लागला की ऐन लढतीत फ्रेम गडगडतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर 'फ्रेम रेट लिमिट' १२० ठेवा, १४४ वर १४४ किंवा थोडा वर. व्हीसिंक बंदच राहू द्या. चित्र फाटल्यासारखं फार खटकत असेल तरच चालू करा, आणि माउस किंचित उशिरा हलल्यासारखा वाटला तर कारण तेच आहे हे लक्षात ठेवा.

'मिन डिझायर्ड फ्रेम रेट' जुन्या यंत्रावर ३० करा. आता तपशील गाळण्याची ती सोय तुमच्या फायद्याची आहे. ताकदवान यंत्रावर ० राहिला तरी हरकत नाही.

तपासणी: गेम बंद करा, पुन्हा सुरू करा आणि रेंडररचं नाव, रिझोल्यूशन, एफओव्ही, ब्राइटनेस या चार गोष्टी पाहा. चारही टिकल्या असतील तर दोन्ही आयएनआय फाइलची तिसरी प्रत काढा आणि तिला रेंडररचं नाव आणि तारीख द्या. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाल्यावर काही बिघडलं तर आधी हीच प्रत परत टाका. तरीही बिघाड राहिला तर दोष ड्रायव्हरचा आहे, आणि तेव्हा टप्पा ५ पासून नव्याने सुरुवात करा.